ग्रीसमधलं मुक्कामी गाडीचं गाव

आमच्या शाळेत कुणी महाबळेश्वरला जाऊन आलं तरी स्टाफरूममध्ये आठवडाभर चर्चा चालते. मी तर ग्रीसला जाऊन आले होते. पण समुद्र कसा आहे, माणसं कशी आहेत, हे एकेकदा विचारून झालं आणि मग प्रत्येकाचा मुद्दा एकच, "मॅडम, पण राहायचं कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. अनोळखी किनारा बघायचा तर रोज बोजे उचलून गाव बदलणं आपल्या वयाच्या माणसांना जमत नाही. एक गाव धरायचं, सामान टाकायचं आणि तिथून रोज हिंडायचं. ते गाव नीट निवडलं तर सहल, चुकलं तर नुसता बसप्रवास. आम्ही ते आधी चुकीचं निवडलं, मग अर्धवट निवडलं आणि शेवटी माझ्या पद्धतीनं निवडलं. म्हणून हे लिहिते आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगते. माझे वडील सायखेड्याला दुसऱ्याच्या मळ्यात कामाला होते. आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. मी. हे सांगितलं की काही जणांना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. नाशिकला एका शाळेत मी भूगोल शिकवते आणि भूमध्य सागरी हवामान हा धडा इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवलाय की झोपेतून उठवलं तरी सांगेन: हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, द्राक्षं, अंजीर, ऑलिव्ह. त्या धड्याला ग्रीसचा नकाशा काढावा लागतो. खाली समुद्रात शिरलेली जमिनीची तीन बोटं. मधलं बोट सगळ्यांत लांब. ग्रीसच्या मुख्य भूमीचं सर्वांत दक्षिणेकडचं टोक तेच. जुन्या ॲटलासमध्ये त्याला माटापान म्हणतात, तिथले लोक तेनारो म्हणतात. खडू त्या टोकाशी आला की दरवेळी माझ्या मनात येई, आपण इथे एकदा जाऊन उभं राहायचं. बाकी ग्रीस दिसलं नाही तरी चालेल.

योग आला तो मुलामुळे. अथेन्सचं ऑलिंपिक झालं त्याच्या पुढच्या वर्षी राहुलला कंपनीनं तिथे कामावर पाठवलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी, ह्यांनाही रजा मिळाली. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर असतात. सोबत ह्यांची मोठी बहीण विमलताई. ताईंनी मनमाडला रेल्वेवाल्यांची खाणावळ चालवली. माणूस कुठलाही असो, त्याला काय खायचंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. राहुलला सुट्टी मिळेना. तो म्हणाला, "आई, एक आठवडा तुम्ही तिघं किनाऱ्याला फिरून या. गाव कुठलं धरायचं सांगा, मी खोली बघतो."

"खोली बघायची गरज नाही," हे म्हणाले. "गाव मी शोधलंय."

झेव्गोलातिओ

माझे सासरे मनमाडला रेल्वेत होते. त्यामुळे आमच्या घरात एक श्रद्धा आहे: जंक्शनला काही कमी पडत नाही. कुठल्याही वेळी जा, चहा मिळतो, जेवण मिळतं, स्टेशनसमोर लॉज असतो आणि चारी दिशांना गाडी असते. ह्यांनी नकाशा पसरला, समुद्राकडे बघितलंच नाही, रेल्वेच्या काळ्या रेघांवरून बोट फिरवलं आणि एका जागी टेकवलं.

"हे बघ. इथे तिन्हीकडून लाइन येते. मनमाड आहे, मनमाड!"

"समुद्र लांब दिसतो तिथून," मी म्हटलं.

"म्हणून तर गाड्या आहेत."

अथेन्सहून निघालेली गाडी छोट्या रुळांची, डबे बुटके, पण खिडकीतून दिसलेला देश असा की मी तासन्‌तास खिडकी सोडली नाही. कॉरिंथचा कालवा डोळ्यांसमोरून असा गेला की बोट दाखवायलाही वेळ मिळाला नाही. मग द्राक्षांचे मळे लागले आणि माझ्यातली सायखेड्याची पोरगी जागी झाली. आपल्याकडे वेलाला वर्षातून दोनदा कात्री लागते, एप्रिलला एकदा आणि ऑक्टोबरला एकदा. तिथला वेल थंडीत आपणहून झोपतो, म्हणून एकदाच छाटला की झालं. वेल मांडवावरही नव्हते, कमरेइतके बुटके, एकेकटे उभे. "ह्यांची द्राक्षं वाकून तोडायची म्हणजे कंबर गेलीच," मी म्हटलं. शेजारची म्हातारी काय समजली कोण जाणे, तिनं मला पिशवीतून चार लोकाट काढून दिले, पिवळी, आंबटगोड फळं.

झेव्गोलातिओला उतरलो ते फक्त आम्ही तिघं. गाडी निघून गेली. एक जुनी इमारत, मोजके रूळ, निलगिरीची झाडं आणि बाकावर झोपलेलं मांजर. स्टेशनसमोर लॉज नव्हता. स्टेशनसमोर ऑलिव्हची बाग होती.

"अशोक," विमलताई म्हणाल्या, "तुझं मनमाड कुठं हाय रे?"

"मागच्या बाजूला असेल," हे म्हणाले.

मागच्या बाजूला एक ट्रॅक्टर होता.

तेवढ्यात स्टेशनमास्तर बाहेर आले. भरघोस मिशा, टोपी हातात. मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "कुठे जायचंय?"

"इथेच," मी म्हटलं.

"इथे?" त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू काही नवं बांधकाम झालंय आणि त्यांना कुणी सांगितलं नाही.

"जंक्शन!" हे पुढे होऊन म्हणाले आणि हातांनी तीन दिशा दाखवल्या.

"जंक्शन," मास्तरांनीही मान डोलावली. अभिमान त्यांनाही होताच. मग जरा थांबून म्हणाले, "पण लोक इथे गाडी बदलतात आणि जातात."

"मग राहतं कोण?"

"मी," ते म्हणाले.

पुढची गाडी यायला अवकाश होता. मास्तरांनी आतल्या छोट्या स्टोव्हवर कॉफी केली, काळीभोर, तळाशी चिखल. ताईंनी चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मास्तरांनी चपातीची गुंडाळी करून चटणीत बुडवली, डोळे पाणावले, मिशा पुसल्या आणि आणखी एक मागितली.

"मास्तर, जंक्शन झकास हाय तुमचं," ताई मराठीतच म्हणाल्या, "गाव तेवढं बसवायचं राह्यलं."

मास्तर हसले. ह्यांना हसू यायला मात्र कालामाता यावं लागलं.

कालामाता

कालामाता म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. मोठं बंदर, सरळ रस्ते, समुद्राच्या कडेनं फिरायला लांबलचक जागा. खोली मिळाली, गरम पाणी मिळालं. बाजारात ताईंनी ऑलिव्हचं पिंप बघितलं आणि जांभळं समजून एक तोंडात टाकलं. तोंड असं झालं की विकणाराच घाबरला.

"काय वो हे? जांभळाला मिठात घालून कुणी नासवलं?"

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाव किलो घेतले. "लोणचं म्हणून खाल्लं तर ब्येस हाय," हा त्यांचा निकाल.

कालामाता सोयीचं होतं, यात वाद नाही. ज्याला बाजार, दवाखाना, हॉटेलं सगळं हाताशी हवं, त्यानं खुशाल तिथे राहावं. ह्यांचीही गाडी आता जंक्शनवरून जिल्ह्याच्या ठिकाणावर आली होती. "इथून सगळीकडे बस आहे. रोज सकाळी निघायचं, संध्याकाळी परत."

तसं करून पाहिलं. सकाळच्या बसनं दक्षिणेला निघालो. डोंगर उजाड, उंच, आणि उजव्या हाताला इतका निळा समुद्र की माझ्या शाळेतल्या नकाशाच्या रंगाची मला लाज वाटली. वाटेत कार्दामिली लागलं. दगडी घरं, अंगणात लिंबं, गोट्यांचा किनारा. आम्ही उतरलो, पाण्यात पाय घातले. मे महिना असून पाणी गार. ताईंनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि आत शिरल्या. काठावरची दोन गोरी माणसं अंगावर चार बोटं कापड घालून उन्हात पडली होती. ती ताईंकडे बघत होती आणि ताई त्यांच्याकडे.

"सुमन, हे लोक आजारी हायेत का?"

"नाही ताई, ऊन खातात."

"आपल्याकडं या म्हणावं. मनमाडला फुकट हाय."

कार्दामिली मला आवडलं. नुसतं समुद्रकाठी बसायला, पुस्तक वाचायला, त्याच्याइतकं चांगलं गाव नाही. पण माझं टोक तिथून दिसत नव्हतं. पुढची बस धरून आम्ही इतिलो नावाच्या गावी पोचलो. डोंगराच्या कुशीत गाव, खाली गोल आखात. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि सिगारेट पेटवली.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नाही. पुढे दुसरा जिल्हा."

दुसऱ्या जिल्ह्याची बस वेगळी, तिचं वेळापत्रक वेगळं, आणि ती आमच्या आधीच निघून गेलेली. सुरगाण्याच्या पुढे गुजरातच्या हद्दीवर होतं तसंच. रस्ता तोच, डोंगर तोच, पण गाडी थांबते आणि माणसं उतरून बघत राहतात. आल्या बसनं परत फिरण्यावाचून इलाज नव्हता.

परतीच्या वाटेवर हे माझी समजूत काढायला लागले. "एवढं बघितलं ना आपण. टोकाला तरी काय असणार? दगडच."

"तुम्ही इतके दिवस रूळ बघितले," मी म्हटलं. "मी दगड बघायला आलेय."

ताई खिडकीबाहेर बघत हसल्या. मला रडू आलं नव्हतं, राग आला होता, आणि तोही मुख्यतः स्वतःचा. शिकलेली बाई मी, नकाशा रोज काढणारी, आणि गाव निवडायचं काम मी दुसऱ्यावर सोडलं. आठवडा निम्मा सरला होता. राहुलनं अथेन्सहून परतीचं विमान पक्कं केलेलं. आता चुकीचं गाव परवडणार नव्हतं.

बस कुठे झोपते?

माझी पहिली नेमणूक पेठ तालुक्यातल्या डोंगरात झाली होती. तिथे राहायला गाव निवडायची वेळ आली तेव्हा एका जुन्या शिक्षिकेनं मला सांगितलं होतं, "पोरी, शाळा कुठंय ते बघू नको. मुक्कामी गाडी कुठंय ते बघ." ज्यांनी खेड्यात नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळची शेवटची एसटी ज्या गावात जाऊन थांबते, तिथेच ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपतात आणि सकाळची पहिली गाडी तिथूनच सुटते. ते गाव रस्त्याच्या शेवटी असतं, पण अडलेलं नसतं. बाहेरचा माणूस रोज येतो, म्हणून त्याला भाकर घालायची गावाला सवय असते. पुढच्या पाड्यांवर कोण कधी जाणार, कुणाची बैलगाडी, कुणाचा ट्रॅक्टर, ही सगळी बातमी तिथेच जमते. मी त्या सल्ल्यानं डोंगरात निभावून नेलं. मग ग्रीसमध्ये का नाही?

संध्याकाळी मी कालामाताच्या बसस्टँडवर गेले. हे आणि ताई मागून.

"मधल्या बोटावरची बस रात्री कुठे झोपते?" मी खिडकीतल्या माणसाला इंग्रजीत विचारलं.

"बस? झोपते?"

मी हातांनी स्टिअरिंग फिरवलं, मग दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटले. त्यानं लगबगीनं हॉटेलाचं कार्ड पुढे केलं. मी मान हलवली, पुन्हा स्टिअरिंग, पुन्हा झोप. त्यानं दुसऱ्या हॉटेलाचं कार्ड दिलं, हे जरा चांगलं असावं.

"बाईला चक्कर आली असं वाटतंय त्याला," ताई म्हणाल्या. "घोर तर नीट घाल." आणि त्यांनी स्वतःच पुढे होऊन असं घोरून दाखवलं की रांगेतली माणसं वळली.

बाकावर एक वयस्कर ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता. तो खो-खो हसायला लागला. पेपर घडी करून जवळ आला, माझ्या नकाशावर मधल्या बोटाच्या जवळजवळ शेवटी नख टेकवलं. "येरोलिमेनास," तो म्हणाला आणि गालाखाली हात घेऊन दाखवला. पहिल्या बसनं इतिलोला जा, तिथे पलीकडच्या जिल्ह्याची बस सकाळी उभी असते. ती अरेओपोलीला नेते. तिथून शेवटची गाडी येरोलिमेनासला जाऊन झोपते.

"पण ते लाइनचं शेवटचं गाव झालं," हे म्हणाले. "शेवटच्या गावात असतं काय?"

"टोक असतं," मी म्हटलं.

येरोलिमेनास

तुम्हाला कधी त्या बाजूला जायचं झालं, तर माझं ऐका आणि मुक्काम इथेच करा. एवढंसं बंदर. एका अंगाला डोंगराचा कडा सरळ पाण्यात उतरलेला, दुसऱ्या अंगाला दगडी घरांची एक ओळ. मासेमारीच्या होड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले. ताईंना ते लांबून ओले मोजे वाटले.

बस थांबली आणि ड्रायव्हर ज्या दारात शिरला त्याच दारात आम्ही शिरलो. माझा हिशेब इतका साधा होता. आत किरिया स्ताव्रूला. किरिया म्हणजे बाई, आपण म्हणतो तसं. काळे कपडे, दणकट हात. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आणखी तीन ताटल्या मांडल्या. वरच्या मजल्यावर खोल्या होत्या. पांढऱ्या भिंती, निळी खिडकी, खिडकीत समुद्र.

जेवायला पांढऱ्या घेवड्याचं कालवण, उकडलेली रानभाजी आणि तळलेले छोटे मासे. भाजीवर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल सढळ हातानं. "मीठ, मिरची, लसूण, कायच नाय, तरी चव हाय," ताई नवलानं म्हणाल्या. मग त्यांनी आपली चटणीची डबी काढून माशावर भुरभुरली. किरियाबाईंनी बोट लावून चाखली. आधी शिंकल्या, मग डबी हातात घेऊन हुंगली आणि परत दिलीच नाही. दोघींची भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण त्या संध्याकाळपासून स्वयंपाकघरात दोघींचा आवाज चालूच असायचा. एकदा मी ऐकलं तर ताई मराठीत सुनेच्या तक्रारी सांगत होत्या आणि बाई ग्रीकमध्ये, हातवाऱ्यांवरून पाहता, बहुधा त्यांच्या सुनेच्या.

आम्ही तिथे असतानाच वैशाखी पौर्णिमा आली. बुद्ध जयंती. घरी असतो तर विहारात गेलो असतो, वस्तीत खीरदान असतं. ताई सकाळपासून बेचैन. "खिरीशिवाय बुद्ध जयंती कशी करायची? तू विचार तिला, दूध हाय का, तांदूळ हाय का." मी किरियाबाईंना विचारलं, दूध? तांदूळ? साखर? त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, फ्रीज उघडला आणि काचेच्या वाट्या काढून ओळीनं मांडल्या. आत तयार खीर! गार, घट्ट, वर दालचिनीची पूड. ते लोक हे नेहमीच खातात. ताई बघतच राहिल्या.

"अगं, हिला कुणी सांगितलं आज पौर्णिमा हाय?"

खिडकीत मेणबत्ती लावली, तिघांनी त्रिशरण म्हटलं. किरियाबाई दारात हात जोडून नाही, पण हात पुसून, शांत उभ्या राहिल्या. मग सगळ्यांनी खीर खाल्ली. वेलची नव्हती एवढंच.

एक अडचण मात्र उरली होती. बस तिथे झोपत होती खरी, पण टोकाकडे जात नव्हती. टोक आणखी पुढे, डोंगरापलीकडे, चालत जाण्याच्या पल्ल्याबाहेर. टॅक्सीवाला अरेओपोलीला, आणि फोन केला तर उचलत नव्हता. आमचा शेवटचा दिवस उजाडायचा बाकी होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतीला लागायचं होतं.

मी जेवताना नकाशा काढून ड्रायव्हरला टोक दाखवलं. त्यानं किरियाबाईंना विचारलं, बाईंनी खिडकीतून शेजारणीला, शेजारणीनं आणखी कुणाला. पेठच्या पाड्यावर चालायचं तसंच. थोड्या वेळानं उत्तर फिरून आलं. ड्रायव्हरनं टेबलावरच्या टोपलीतला कांदा उचलला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "उद्या. हा येतो. शेवटपर्यंत जातो."

कांद्याच्या गाडीतून

सकाळी गावात भोंगा ऐकू आला. "पतातेस! क्रेमिद्या! दोमातेस!" छोटा टेम्पो, टपावर कर्णा, मागे बटाटे, कांदे, टोमॅटो, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक झाडूंचा जुडगा. भाजीवाला रस्त्याच्या शेवटापर्यंतच्या सगळ्या वाड्या करतो. किरियाबाईंनी त्याला आधी दम दिला, मग आमचं सांगितलं. मला पुढे बसवलं. हे आणि ताई मागे गोण्यांवर.

नाशिक जिल्ह्यातून आलेल्या माणसांनी ग्रीसमध्ये कांद्याच्या गाडीवर बसून फिरावं, ह्यात मला काही कमीपणा वाटला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओळखीच्या वासात प्रवास झाला. ताईंनी मागे कांदा हातात घेऊन दाबला, साल सोलली. "अशोक, ह्यात पाणी लय. हा टिकायचा नाय. आपला उन्हाळ कांदा न्यायला पायजे इथं."

वाथिया नावाचं गाव लागलं. डोंगरमाथ्यावर दगडी मनोऱ्यांचा झुबका, निम्म्याहून जास्त रिकामे. भाजीवाल्यानं कर्णा वाजवला. कुणीच येईना. तो पुढे निघणार तोच ताई गाडीत उभ्या राहिल्या आणि मनमाडच्या बाजारात देतात तशी हाळी दिली, "कांदे घ्या, बटाटे घ्या! चला बाया, या लवकर, गाडी चालली!"

एका मनोऱ्यातून म्हातारी बाहेर आली. मग दुसरी. त्या भाजीला आल्या की ताईंना बघायला, सांगता येत नाही, पण कांदे त्यांनी घेतले. भाजीवाला इतका खूश झाला की त्यानं कर्ण्याचा माईकच ताईंच्या हातात दिला. पुढच्या दोन वाड्यांत दक्षिण ग्रीसनं मराठीत कांदे विकत घेतले.

रस्ता संपला तिथे एक छोटी खाणावळ, एक पडकं देऊळवजा प्रार्थनास्थळ आणि निळ्या पाण्याची खोबण. भाजीवाल्यानं घड्याळावर बोट ठेवून नीट समजावलं: जेवतो, थोडा पडतो आणि ह्या वेळेला निघतो. थांबणार नाही, पलीकडच्या वाड्या राहिल्यात. हे लगेच हिशेबाला लागले. जायला किती, यायला किती. रेल्वेवाल्याच्या घरातला माणूस. नाशिक रोडला सकाळची गाडी असली तर आम्ही चहा स्टेशनवरच पितो.

"टोकावर फक्त टेकायचं आणि निघायचं," हे म्हणाले. "हा गेला तर आपण इथंच."

पायवाट दगडांची, काट्यांची. वाऱ्याला ओव्यासारखा कसलासा रानवास. वाटेत उघड्यावरच जमिनीत बसवलेली रंगीत खड्यांची गोल नक्षी दिसली, कडेनं लाटा काढलेल्या. रोमन काळातली, असं पाटीवर होतं. कुंपण नाही, पहारेकरी नाही. ताई तिच्या बाजूनं वळसा घालून गेल्या. "कुणीतरी इतक्या मेहनतीनं रांगोळी घातलीय, पाय कशाला द्यायचा?"

मग चढ, उतार, पुन्हा चढ. ताईंचा गुडघा बोलायला लागला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही बसा इथे." त्या म्हणाल्या, "गप. तुझ्या टोकासाठी मी घोरून दाखवलंय." आणि माझ्या पुढे चालायला लागल्या.

शेवटी दीपगृह दिसलं. ताईंनी त्याच्या भिंतीला पाठ लावली आणि तिथल्या उंचवट्यावर बैठक मारली. मी थांबले नाही. दीपगृहाच्या खाली खडक उतरत जातात. वारा इतका की पदर तोंडावर येत होता. मी बसत, हातांनी धरत उतरले. मागून ह्यांचा आवाज, "अगं, हळू!" आणि मग पुढे उतरायला खडकच उरला नाही.

डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र, समोर समुद्र. लांबून जहाजं एकामागे एक पूर्वेकडून पश्चिमेला जात होती. मी खाली बसले. काय वाटलं ते सांगायला मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. खडक गरम होता. त्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल बोलले, ते खरोखर होतं, आणि मी त्याच्यावर बसले होते.

हे शेजारी येऊन बसले. पाण्याची बाटली दिली. जहाजं मोजायला लागले, मग मोजायचं सोडून दिलं.

मी विचारलं, "किती वाजले? निघायला हवं ना?"

त्यांनी मनगट जरा पलीकडे वळवलं. "आहे वेळ. बस तू."

मी बसले. पुन्हा जहाज गेलं, पुन्हा एक. मग मी पाणी प्यायला वळले तेव्हा घड्याळ माझ्या नजरेस पडलं. वेळ टळून गेली होती. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

तेवढ्यात वरून, दीपगृहापासून, ताईंची हाळी आली, तीच बाजारातली. "अरे अशोक! ती बघ, घाटावरून कांद्याची गाडी चालली! मी ओरडू का?"

हे जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे.

"नको, ताई," त्यांनी वाऱ्यात ओरडून सांगितलं. "जाऊ दे. दुसरी मिळेल."